नवरा दर्यावर असताना घ्यायची गोळी

रसिकाने गोळ्यांचं पाकीट कात्रीने कापलं होतं. पांढऱ्या गोळ्या एका डबीत, तपकिरी गोळ्या दुसऱ्या डबीत. पांढऱ्यांची डबी कपाटात साड्यांखाली असायची, तपकिरी गोळ्यांची स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी. नवरा घरी असला की रात्री पांढरी, तो बोटीवर गेला की तपकिरी. दोन वर्षं तिने हा नेम पाळला, एक रात्रही सोडली नाही. आणि गेल्या वर्षी सप्टेंबरात, खाडीतल्या पर्यटकांच्या होड्या सुरू व्हायला थोडे दिवस उरले असताना, तिला दिवस गेले.

तिचं घर कर्ली खाडीच्या काठावरच्या एका वाडीत आहे. वय बत्तीस. मुलगा विनीत सहावीत, मुलगी तन्वी पहिलीत. सासू सुभद्रा घरातच. नवरा दत्ताराम पूर्वी गावच्या रापणीवर होता. किनाऱ्यावरून जाळं ओढायचं आणि जेवायला घरी यायचं. रापणीला मासळी लागेनाशी झाली तसा तो गोव्याकडच्या एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. तेव्हापासून त्याचं घरी असणं फेरीवर ठरतं. आठवडा-दहा दिवस दर्यावर, मग चार-पाच दिवस घरी, पुन्हा दर्यावर.

लग्नाआधी रसिका वडिलांबरोबर खाडीत कालवं काढायला जायची. होडी तीच वल्हवायची, कारण वडिलांच्या खांद्यात दम नव्हता. लग्नानंतर ती काजूच्या कारखान्यात बसली. काजूच्या टरफलातलं तेल बोटांना लागून कातडी काळी पडते आणि सोलवटते. लग्नकार्यात ती हात पदराखाली ठेवायची. म्हणून वाडीतल्याच भक्तीने बायकांचा गट काढून कांदळवनातून पर्यटकांना फिरवायचं ठरवलं, तेव्हा रसिकाने सगळ्यांत आधी नाव दिलं. गटातल्या बाकीच्यांना वल्हं धरायला तिनेच शिकवलं. गटाचा नियम भक्तीने पहिल्याच बैठकीत सांगितला होता: एका होडीवर दोघी, आणि जी पंधरवड्याहून जास्त दिवस वल्हवायला येऊ शकणार नाही तिची जागा त्या हंगामापुरती दुसरीला. नियम कडक होता, पण सगळ्यांच्या संमतीचा होता. रसिकाचीही संमती होती.

आता त्याच नियमात ती अडकली.

तिला हे मूल नको होतं, याबद्दल तिच्या मनात गोंधळ नव्हता. दत्तारामला तिने फोनवर सांगितलं. बोट धक्क्यापासून लांब जात होती, आवाज तुटत होता. तो आधी हसला आणि मग म्हणाला, तू म्हणशील तसं. सुभद्राला तिने सांगितलं नाही, पण सकाळच्या ओकाऱ्यांनी सांगितलं. सुभद्राला आनंद झाला. एक नातू तिला पुरेसा वाटत नव्हता. मुलं बंद करण्याच्या ऑपरेशनला तिचा विरोध त्यासाठीच होता. तरी रसिका एकदा शिबिराला गेली होती. रक्त कमी म्हणून तिला परत पाठवलं. त्याआधी तांबी बसवून झाली होती, अंगावरून फार जायला लागलं म्हणून काढली. उरली गोळी.

आणि गोळीने दगा दिला, असं तिचं म्हणणं होतं. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात ती गेली, तर तिथे नवऱ्याची सही मागितली. कायद्याला सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. पण हे तिला तेव्हा माहीत नव्हतं, आणि टेबलापलीकडच्या माणसाला माहीत असावं असं दिसलं नाही. नवरा दर्यावर आहे म्हटल्यावर, आला की घेऊन या, असं उत्तर मिळालं. तिथून ती सरकारी दवाखान्यात गेली. नर्सने केस लिहिताना विचारलं, "गोळ्या रोज घेत होता का?"

"हो. रोज," रसिका म्हणाली.

तिने खोटं सांगितलं नव्हतं. नर्सने लिहिलं: गोळी घेऊनही गर्भधारणा.

आत डॉ. नाझनीन मुकादम होत्या. त्या मूळच्या बांद्याच्या. बाहेरच्यांशी प्रमाण मराठी बोलतात, पण दार लोटलं की मालवणीवर येतात. त्यांनी लिहिलेलं वाचलं आणि पाकीट आणलंय का विचारलं. रसिकाने पर्समधून दोन डब्या काढल्या.

"ह्या काय?"

"पांढरी ते घराक आसले की. तपकिरी ते दर्यार आसले की. तपकिरीन रगत वाढता मा?"

डॉक्टरांनी दोन्ही डब्या उघडून बघितल्या. तपकिरी गोळी लोहाची असते, हे रसिकाला बरोबर माहीत होतं. रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा तिने घरात असलेल्या वस्तूचा उपयोग केला. पांढरी गोळी मूल होऊ नये म्हणून असते, हेही बरोबर होतं. नवरा जवळ नसताना मूल होत नाही, यातही चूक काढण्यासारखं काही नाही. तीन बरोबर गोष्टी जोडून तिने एक चुकीची पद्धत तयार केली होती. दत्ताराम रापणीवर होता तोवर ती पाकिटावर छापल्याप्रमाणेच गोळ्या घ्यायची आणि सगळं ठीक होतं. तो ट्रॉलरवर गेला, आणि तिने गोळीला बोटीचं वेळापत्रक लावलं.

"गो, तुझो घोव खंय आसा, ता अंडाशयाक कसा कळतला?" डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी कागदाच्या पाठीमागे आकृती काढून समजावलं. पांढऱ्या गोळीत बाईच्या शरीरात असतात तसलीच दोन संप्रेरकं असतात. ती रोज पोटात जात राहिली की अंडाशय स्वस्थ राहतं. अंडं पिकत नाही आणि बाहेर पडत नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट पाणी असतं, तेही दाट होतं, म्हणजे पुरुषाचं बीज आत सरकत नाही. हे काम डोकेदुखीच्या गोळीसारखं घेतल्यावर तासाभरात होत नाही. अंडाशयाला शांत करायला ओळीने सात पांढऱ्या गोळ्या लागतात. एकवीस पांढऱ्यांनंतर सात तपकिरी असतात, ती पाळी येण्यासाठी दिलेली सुट्टी. सुट्टी त्याहून लांबली तर अंडाशय जागं होतं. तपकिरी गोळी चुकली तर लोह तेवढं कमी जातं, बाकी काही बिघडत नाही. पांढरी एक चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त चुकल्या तर लगेच एक घेऊन पुढे रोज सुरू ठेवायची, पण ओळीने सात होईपर्यंत गोळीवर विसंबायचं नाही. निरोध वापरायचा, नाहीतर लांब राहायचं. आणि चुकलेल्या गोळ्या पांढऱ्यांच्या शेवटच्या आठवड्यातल्या असतील तर तपकिरी सोडून थेट नव्या पाकिटातली पांढरी सुरू करायची. नाहीतर सुट्टी नको तेवढी लांबते.

रसिकाने मनातल्या मनात जुळवून बघितलं. दत्ताराम दहा दिवस दर्यावर, म्हणजे पांढरी दहा दिवस बंद. तो आल्यावर ती सुरू करायची आणि पाचव्या दिवशी तो परत जायचा. सात कधीच झाले नव्हते. दोन वर्षं तिने घेतलेल्या पांढऱ्या गोळ्यांचा काहीही उपयोग नव्हता. मधूनमधून अंगावरून थोडं जायचं ते ती उष्णतेवर घालवत आली होती आणि धण्या-जिऱ्याचं पाणी पीत आली होती.

"मगे ह्या आधी कोणी कित्या सांगूक नाय?"

"कशी घेतस म्हणान कोणी विचारूकच नाय," डॉक्टर म्हणाल्या.

सही फक्त रसिकाचीच लागली. दिवस थोडेच गेले होते, गोळ्यांनीच गर्भ पडला. पण आधीच रक्त कमी, त्यात रक्तस्राव लांबला. भक्तीने नियम वाकवून महिनाभर वाट बघितली आणि मग तिची जागा दुसरीला दिली. रसिका पुन्हा काजूवर बसली. ज्या बाईला तिने वल्हं शिकवलं होतं, ती तिच्या जागेवर मे महिन्यापर्यंत बसली. रसिकाचा राग तिच्यावर नव्हता, भक्तीवरही नव्हता. कोणावर धरावा हे न कळल्याने तो राहून गेला.

तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन डॉक्टरांनी सुचवलं होतं. त्याने सुरुवातीला पाळी अनियमित होऊ शकते, हेही सांगितलं. पर्यटकांसमोर होडीत चार-चार तास बसायचं, आणि कधी अंगावरून जाईल ते माहीत नाही, हे रसिकाला नको होतं. गोळीत कोणत्या आठवड्यात पाळी येणार ते आधी कळतं. आणि आता गोळी कशी घ्यायची तेही कळलं होतं. पावसाळ्यात तिने गोळी पुन्हा सुरू केली तेव्हा दोन महिने मासेमारी बंद होती, दत्ताराम घरीच होता, म्हणून रोजची पांढरी कोणाच्या डोळ्यावर आली नाही. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या आणि खरी अडचण सुरू झाली.

सुभद्राला पांढरी कशाची आणि तपकिरी कशाची हे ठाऊक होतं. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने सुनेला गोळी घेताना पाहिलं.

"दत्तो खंय?"

"दर्यार."

"मगे ही पांढरी कोणासाठी?"

रसिकाने सांगितलं. अंडाशय सांगितलं, सात दिवस सांगितले, डॉक्टरबाईंनी काढलेला कागदही दाखवला. सुभद्राने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आमच्या वेळी घोव दर्यावर म्हणजे दर्यावर, घरात कसली गोळी नव्हती नि काय नव्हतं. आणि सगळं बोलून झाल्यावर तिने सांगितलं की शेजारीण आतच बसली आहे; दुसऱ्या दिवशी ते वाडीभर झालं.

ज्या बायकांचे नवरे ट्रॉलरवर होते, त्यांच्यापैकी बहुतेकींची पद्धत रसिकाच्या जुन्या पद्धतीसारखीच निघाली. त्याला कारण अज्ञान होतं, पण एवढंच नव्हतं. नवरा दर्यावर असताना मूल न होण्याची गोळी घेणारी बाई, म्हणजे काय, हे वाडीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नळावर एकीने विचारलंच, "रसिका, कोण पावणो येतलो आसा गो?"

"येतलो आसा," रसिका म्हणाली. "तुझ्याच घराकडसून."

नळावर हशा झाला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य तेवढंच, हशा वगळून, सुभद्रापर्यंत पोचलं.

वाडीची आशा कार्यकर्ती सारिका. पाकिटं तीच देते. ती दत्तारामच्या चुलतभावाची बायको. रसिकाने तिला घरी येऊन सासूला समजावून सांगायला सांगितलं. सारिका आली, चहा घेतला, पोलिओच्या डोसाची तारीख सांगितली, सुभद्राच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि उठली. रसिका तिच्यामागून अंगणाच्या फाटकापर्यंत गेली.

"तू घे, पण बोंब मारू नको," सारिका म्हणाली. "माका हय वाडीत रवूचा आसा."

मागे एका खलाशाच्या बायकोला तिने हीच गोष्ट समजावून सांगितली होती. तो खलाशी फेरीवरून आला आणि तिच्या दारात उभा राहून, माझ्या बायकोला कसले धंदे शिकवतेस, असं ओरडून गेला. तेव्हापासून सारिका पाकीट हातात देते, रोज घ्या म्हणते आणि पुढचं घर गाठते. नियम तिला पाठ आहे. दत्तारामने आईशी बोलायचं कबूल केलं होतं. ऑगस्टच्या फेरीला बोलणार होता, गणपतीला बोलणार होता. गणपतीत पाहुणे होते.

ऑक्टोबरात रसिकाला तिची जागा परत मिळाली. पहिल्या होडीवर ती आणि भक्ती. सकाळची भरती साधून निघायचं, कांदळवनाच्या अरुंद वाटांतून होडी फिरवायची, खंड्या आणि पाणमांजर दिसलं तर थांबवायची. दुपारी हात दुखायचे. गेल्या वर्षीची बाई आता राखीव होती आणि रोज काठावर येऊन बसायची.

नोव्हेंबरात एका रात्री रसिकाला पाकीट जाग्यावर सापडलं नाही. आता ती पाकीट कापत नव्हती, अख्खं ठेवायची. तन्वीला विचारलं, विनीतला विचारलं. सुभद्रा तांदूळ निवडत होती. तिने वर न बघताच सांगितलं की ते परसातल्या खड्ड्यात गेलं, केराबरोबर. घरात लोकांची ये-जा असते आणि असल्या वस्तू पडून राहिलेल्या तिला चालणार नाहीत.

सारिकाकडची पाकिटं संपली होती, नवी यायची होती. आरोग्य उपकेंद्र दिवाळीच्या सुट्टीला जोडून बंद. नाक्यावर शिवाचं औषधाचं दुकान आहे, पण शिवा दत्तारामचा वर्गमित्र. नवरा दर्यावर असताना त्याच्याकडे ही गोळी मागणं रसिकाला शक्य नव्हतं. दिवाळीची गर्दी, होडीला सुट्टी नाही. मालवणला जाऊन दुकानातून पाकीट आणेपर्यंत पाच पांढऱ्या चुकल्या होत्या. त्याच रात्री तिने नव्या पाकिटातली पहिली गोळी घेतली आणि सात मोजायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी दत्ताराम आला. येताना सुरमई घेऊन आला, मुलांना कपडे आणले. रात्री रसिकाने त्याला सांगितलं.

"पण आता घेतस मा गोळी?" तो म्हणाला.

"घेतंय. सात होवक व्हये. तीन झाले."

"माका चार दिवसांनी परत जावचा आसा."

"मगे पुढल्या फेरीक."

दत्तारामला आधी ती चेष्टा वाटली. मग राग आला. "आयेन फेकल्यान, त्यात माझो काय गुन्हो?"

"आवस तुझी. सांगतंय, सांगतंय म्हणालस. सांगलस?"

रसिकाने दुसरा मार्गही सांगितला: सारिकाकडे निरोध फुकट मिळतात. वहिनीकडे मागू, असं तो ज्या सुरात म्हणाला त्यावरून तो मागणार नव्हता हे उघड होतं. शिवाचं दुकान आहे, असं ती म्हणाली. शिवा सगळ्या नाक्यावर सांगेल, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून तो मालवणला गेला आणि दुपारी कोंबडी घेऊन परत आला. औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बाई बसली होती. त्याने खोकल्याचं औषध घेतलं होतं.

रसिका त्याच्यावर ओरडली नाही. ओरडायची ताकद सकाळच्या दोन फेऱ्यांत गेली होती. तिने एवढंच विचारलं की नळावरच्या बायकांसमोर ती रोज उभी राहते, आणि त्याला एका अनोळखी दुकानदारणीसमोर मिनिटभर उभं राहता येत नाही का. त्या रात्री दत्तारामने चटई उचलली आणि तो पडवीत जाऊन झोपला. त्याच्या पुढच्या रात्रीही तिथेच.

पडवीत डास असतात. दुसऱ्या सकाळी सुभद्राने चहा देताना त्याचे सुजलेले डोळे बघितले.

"पडवीत कित्या निजतस रे?"

"तुझ्यामुळा."

मग त्याने सांगितलं. त्याला अंडाशय नीट सांगता आलं नाही. गोळी तोडली की इंजिन पुन्हा गरम व्हायला सात दिवस लागतात, असलं काहीतरी तो बोलला. पण शेवटचं वाक्य स्पष्ट होतं. "तिच्या गोळ्यांक हात लावू नको. मी घराक आसंय नायतर दर्यार, ती खातली."

"लोक काय म्हणतले?"

"लोक माझ्याबरोबर पडवीत निजूक येणत नाय."

सुभद्राने पडवीतली चटई गुंडाळून ठेवली आणि गोळ्यांचा विषय त्या घरात पुन्हा काढला नाही.

रसिका हे सगळं आत चुलीपाशी ऐकत होती. तिला बरं वाटायला हवं होतं. तिने भक्तीला नंतर सांगितलं ते असं: ऑगस्टपासून मी तेच सांगत होते, डॉक्टरचा कागद दाखवून सांगत होते, तर कोणाला पटलं नाही. त्याच्या तीन रात्री फुकट गेल्या आणि सगळ्यांना एका सकाळीत पटलं. भक्ती हसली. रसिकाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

सातवी गोळी तिने घेतली त्या रात्री दत्ताराम बोटीवर पोचला होता.

त्या पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या संपल्या, तपकिरी सुरू झाल्या आणि पाळी वेळेवर आली. रसिकाने त्या दिवशीही होडी चालवली. नळावर बोलणं थांबलेलं नाही. फक्त आता ती आली की आवाज खाली जातो. दोन खलाशांच्या बायकांनी तिला वेगवेगळं गाठून, कोणी ऐकत नाही बघून, सात दिवसांचं काय ते विचारलं. तिने सांगितलं. त्या घेतात की नाही ते तिला माहीत नाही.

त्यानंतरच्या फेरीला बोट धक्क्याकडे वळल्यावर दत्तारामचा फोन आला. रसिका काठावर पर्यटकांना जीवरक्षक जॅकेट बांधत होती. मुलांची चौकशी करायच्या आधी त्याने विचारलं, "गोळी चालू आसा मा? सात झाले मा?"

"तू ये नायतर रव," रसिका म्हणाली. "माका उद्या वल्हा मारूचा आसा."

तिने फोन बंद करून पिशवीत टाकला. पर्यटकांमधल्या एका बाईने जॅकेट उलटं घातलेलं होतं. ते काढून तिने नीट बांधलं, सगळ्यांना मध्ये बसायला सांगितलं आणि होडी पाण्यात ढकलली.